गाठ आहे तात्यांशी

गेल्या रविवारी नाशिकला नणंदेच्या वास्तुशांतीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या उजव्या पावलावरची गाठ काठीच्या रबरी टोकाने दाबून पाहिली आणि मी कळवळल्यावर "दुखणारच" असा निकाल देऊन ते समाधानाने भिंतीला टेकले. सुनेच्या पायाला हात लावायचा नाही, हे पथ्य मात्र त्यांनी कटाक्षाने पाळले होते. गाठ मनगटावर असती तर बांगड्यांनी झाकली असती, आणि अशा गाठी सर्वांत जास्त मनगटावरच येतात. पण माझी घोट्याच्या जरा खाली, पावलाच्या वरच्या बाजूला आली, आणि आपल्याकडे कोणत्याही शुभकार्यात चपला दाराबाहेर काढाव्या लागत असल्यामुळे तिचे प्रदर्शन आपोआप भरते.

हे गृहस्थ म्हणजे नणंदेचे चुलत सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तात्या.

"सूनबाई, हाड वाढलंय तुमचं."

"हाड नाही तात्या, गँगलियन आहे. सांध्याच्या आवरणातून निघालेली पाण्याची गाठ."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणतात."

"एवढी कडक, आणि पाण्याची?"

ही शंका रास्त होती, म्हणूनच तिचा अधिक राग आला. आतला द्रव पाण्यासारखा पातळ नसतो; तो पारदर्शक, घट्ट आणि चिकट असतो आणि पिशवीत इतका ताणून भरलेला असतो की बोटाला ती गाठ हाडासारखी लागते. डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवून गाठीला लहानशी विजेरी टेकवली, तेव्हा आतून लालसर उजेड दिसला होता. भरीव गाठीतून तसा उजेड जात नाही. पुढे सोनोग्राफीनेही तेच सांगितले. हे सगळे मी तात्यांना सांगितले. त्यावर त्यांनी मोबाइल काढला, त्यातली बॅटरी पेटवली आणि पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या मुलाला हॉलचे पडदे ओढायला सांगितले.

उजेड दिसल्यावर उपचारांचा विषय निघणे ओघानेच आले. "जाड पुस्तक आणा," तात्या म्हणाले, "एकच फटका, गाठ जागच्या जागी बसते." युरोप-अमेरिकेत पूर्वी खरोखरच असे करीत, घरातले सर्वांत जाडजूड पुस्तक बहुधा बायबल असल्यामुळे तिकडे या गाठीला त्याच ग्रंथाचे नाव पडले. आता डॉक्टर हा प्रकार सक्त मना करतात, कारण फटक्याने पावलातले एखादे बारीक हाड मोडू शकते आणि गाठ फुटली तरी पुन्हा भरू शकते. पण हॉलमधल्या कोणाचाही आक्षेप हाडाबद्दल नव्हता. पुस्तकाला पाय कसा लावायचा, हा प्रश्न होता.

"पाय पुस्तकाला लागत नाही, पुस्तक पायाला लागतं," तात्यांनी कायद्याचा मुद्दा काढला.

गुरुजींनी दक्षिणा मोजता मोजता मान हलवली. "दोष एकच."

"टेलिफोनची जुनी डिरेक्टरी चालेल का?"

"छापील अक्षर आहे. सरस्वतीच ती."

अखेरीस वरवंट्यावर एकमत झाले. नव्या घरात वरवंटा नव्हता म्हणून माझा पाय वाचला. मिक्सरचे उपकार एरवी एवढे जाणवत नाहीत. मग एका मावशींनी बिब्ब्याचा चटका सुचवला. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, म्हणजे एका गाठीवर चार फोड घेऊन मी घरी परतले असते. दुसऱ्या बाईंनी पुरते कुजबुजूनही नाही आणि पुरते मोठ्यानेही नाही, अशा आवाजात विचारले, "नक्की 'तसलं' काही नाही ना?" नाही. ही गाठ कर्करोगाची नसते आणि पुढेही तशी होत नाही. हे वाक्य छापून गळ्यात अडकवावे, असे आता वाटू लागले आहे.

सुईने पाणी काढून घेण्याविषयी मी तात्यांना सांगितले, तेव्हा ते हसले. "विहीर उपसली म्हणून झरा आटतो का?" दुर्दैवाने हे अगदी बरोबर आहे. द्रव घट्ट असल्यामुळे सुई जाड लागते, आणि इतके सोसूनही निदान निम्म्या गाठी पुन्हा भरतात, कारण पिशवीला सांध्याशी किंवा कंडरेच्या आवरणाशी जोडणारा देठ तसाच राहतो. शस्त्रक्रियेत तो देठ मुळापासून काढतात, तरीही काहींची गाठ परत येतेच. शिवाय टाके, पाय उंचावर ठेवणे, काही दिवस पावलावर भार न देणे, आणि हे सगळे ज्या घरात सकाळचा पहिला चहा माझ्याशिवाय होत नाही त्या घरात. त्यामुळे डॉक्टरांनी तूर्त काहीच न करण्याचा सल्ला दिला तो मला पटला: बऱ्याच गाठी आपोआप विरतात, चालणे जास्त झाले की फुगतात, विश्रांतीने ओसरतात, बोटांकडे मुंग्या येऊ लागल्या, म्हणजे शेजारची नस दबू लागली, की यायचे. 'काहीच न करणे' या उपचाराचीही तपासणी-फी पूर्ण घेतात, ही गोष्ट वेगळी.

खरा छळ पादत्राणांचा आहे. बायकांच्या चपलेचा पट्टा आणि बुटाच्या लेसची गाठ बरोबर त्याच जागी येते, जणू आधी माप घेऊन शिवली असावी. उजव्या पायाला एक नंबर मोठा बूट मागितला, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सुटा मिळत नाही, दोन जोड घ्या." दोन जोडांच्या पैशांत बूट घेऊन अर्धे माळ्यावर टाकण्याइतकी माझी पाद्यपूजा करायला मी तयार नाही. म्हणून गाठीवरची दोन भोके वगळून लेस ओवते, कडेने मऊ फोमची चकती लावते, आणि दाब खरेच कमी होतो. फक्त लेस अशी ओवलेली पाहून सोसायटीचा रखवालदार रोज सकाळी गेटवर मला थांबवतो आणि भरल्या रस्त्यात सांगतो, "ताई, लेस चुकली."