नीतिशास्त्राचा तास आणि भाड्याची खोली

नीतिशास्त्र शिकून माणसाचा योग्य-अयोग्याचा निवाडा बदलतो का, असे विचारले की आपल्याकडे "संस्कार घरातच व्हावे लागतात" असे म्हणून विषय मिटवला जातो. मला हे उत्तर घाईचे वाटते, आणि बडोद्यात राहणाऱ्याने तर ते देऊच नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील चार मोठ्या तत्त्वज्ञान-वर्गांतील १३३२ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी शाकाहाराचे समर्थन करणारा लेख वाचून त्यावर लहान गटांत चर्चा केली, उरलेल्यांनी दानधर्माविषयी. पुढे कारखानी पशुपालनातील मांस खाणे अनैतिक आहे, असे पहिल्या गटातील ४३ टक्क्यांनी मानले, दुसऱ्यातील २९ टक्क्यांनी. ज्यांच्या जेवणाच्या पावत्या तपासता आल्या, त्यांच्यातही पहिल्या गटाच्या खरेदीत मांसाहारी पदार्थांचे प्रमाण ५२ वरून ४५ टक्क्यांवर उतरले; दुसऱ्या गटात ते ५२ टक्केच राहिले.

याच अभ्यासकांपैकी एरिक श्विट्झगेबेल यांनी जोशुआ रस्ट यांच्यासह आधी नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांचीच पाहणी केली होती. मांसाहार वाईट, असे म्हणणारे त्यांच्यात इतर विषयांच्या प्राध्यापकांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. ताटात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून शिकणे व्यर्थ, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. मला तो मान्य नाही, कारण निवाडा बदलणे हीच मोठी गोष्ट आहे, आणि प्रश्न एकच, नेमका व रोजच्या व्यवहारातला असेल तर वागणेही थोडे सरकते, हे त्या विद्यार्थ्यांनी दाखवले आहे.

आपल्या शहराचाच इतिहास पाहावा. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि जॉन ड्यूईंसारख्या नीतिचिंतकाकडे शिकले. तेच आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना आणि अखेर शहर सोडावे लागले. शिक्षणाला एवढा मान देणाऱ्या या शहरात "आपल्या घरातली खोली कोणाला द्यायची" हा प्रश्न नीतीचा म्हणून समोर ठेवला गेला नाही, असे मला वाटते, आणि त्याचे दुःख मला आजही होते, कारण खोली दाखवण्याआधी आडनाव आणि खाणे विचारण्याची पद्धत अजून संपलेली नाही.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे आहे की, आपल्या महाविद्यालयांतील नीतिशास्त्राच्या तासाला रुळावरच्या पाच माणसांच्या प्रसिद्ध कोड्याबरोबरच (भरधाव गाडी दुसऱ्या रुळावर वळवून पाच जणांना वाचवताना तिथल्या एकाचा जीव जाऊ द्यावा का, हे ते कोडे) भाड्याच्या घराचा प्रश्नही घ्यावा, आणि तोही जून-जुलैत, जेव्हा बाहेरगावची मुले खोल्या शोधत फिरत असतात. मात्र तो घेताना घरमालकाची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. आपल्या मालमत्तेवरचा हक्क, शेजाऱ्यांची भीती, घरातल्या वृद्धांचा सोवळेपणा, हे सारे ऐकून घेतल्याशिवाय विद्यार्थी शिक्षकांना आवडेल तेच उत्तर लिहितील आणि घरी गेल्यावर वडिलांच्या प्रश्नापुढे गप्प बसतील.