फर्मवेअरला फासावर देण्याआधी लॉग वाचा

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला आणि परवा मामेभावाने ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून पाठवला. मजकूर थोडक्यात असा: राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखं ओपन-सोर्स फर्मवेअर (म्हणजे राउटर चालवणारं, कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) टाकू नका, ते मुळातच अस्थिर असतं. राउटर आपोआप बंद-चालू होतोय म्हणजे फर्मवेअर क्रॅश होतंय. वायफाय सुटतंय म्हणजे ड्रायव्हर (वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम) भिकार आहे, पॉवर फुल करून ठेवा. सगळी पॅकेजेस अपग्रेड करा. एवढं करूनही भागलं नाही तर रोज पहाटे रीबूट लावा आणि विसरा.

मी बरीच वर्षं घरी हेच फर्मवेअर वापरतोय आणि चार नातेवाइकांकडेही तेच बसवून दिलंय. त्याची शिक्षा म्हणजे कुणाचंही नेट अडकलं की फोन मला येतो. त्या फोनांमधून जे शिकलो त्याच्या जोरावर हा मेसेज एकेक करून तपासतो. सगळंच खोटं नाही त्यात. एक मुद्दा तर बराच खरा आहे, फक्त तो चुकीच्या नावाने सांगितलाय.

‘ओपन-सोर्स फर्मवेअर मुळातच अस्थिर’

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स चालत होतं. त्याचं लायसन्स जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअर वाटलं तर कोडही द्यावा लागतो, म्हणून २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आता गंमत बघा. क्वालकॉम आपल्या वायफाय चिपांसोबत राउटर कंपन्यांना जे तयार सॉफ्टवेअर देते, त्याचा पाया ओपनडब्ल्यूआरटीच आहे. म्हणजे ‘कंपनीचं स्थिर फर्मवेअर’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते बऱ्याचदा जुनं ओपनडब्ल्यूआरटीच असतं, वरून कंपनीच्या रंगाचं वेब पान आणि आत चिपवाल्याचा बंद ड्रायव्हर. तेव्हा ‘मुळातच’ हा शब्द तर गळून पडतो.

खरा फरक त्या ड्रायव्हरचा आणि मेमरीचा, आणि मेसेज इथेच अर्धा खरा आहे. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडे घरोघरी होता. त्याच्या अनेक आवृत्त्यांमध्ये ४ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ३२ एमबी रॅम (कामापुरती मेमरी). एवढ्या जागेत आजचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मावत नाही. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने स्वतःच १९.०७ या आवृत्तीनंतर अशा राउटरांचा हात सोडला. तरी लोक त्यात जुनी आवृत्ती कोंबतात, वर जाहिराती अडवणारी लाखभर नावांची यादी टाकतात. मग मेमरी संपते, कर्नल जागा करण्यासाठी हाताला लागेल ती प्रक्रिया मारतो, आणि ती नेमकी वायफाय सांभाळणारी होस्टएपीडी असली की नेटवर्क हवेतून गायब.

टीपी-लिंकच्याच आर्चर सी७ ची गोष्ट याच्याच पुढची. रॅम १२८ एमबी, ऐकायला पुरेशी. पण त्यातल्या ५ गिगाहर्ट्झच्या कार्डाचा एटीएच१०के ड्रायव्हर स्वतःसाठी बरीच मेमरी राखून ठेवतो. म्हणूनच त्या ड्रायव्हरची ‘स्मॉलबफर्स’ नावाची काटकसरी आवृत्ती आहे. आणि ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपा असलेला राउटर तर या कामासाठी घेऊच नये, त्यांना नीट खुला ड्रायव्हरच नाही. थोडक्यात, ‘अमुक राउटरवर हे स्थिर चालत नाही’ असं म्हटलं तर मी मान डोलावेन. राउटर घेण्याआधी प्रकल्पाच्या यादीत त्याचं मॉडेल, आणि मॉडेलसोबत आवृत्ती क्रमांकही, बघावा लागतो. एकाच नावाच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा निघतात.

‘आपोआप रीबूट होतोय म्हणजे फर्मवेअर क्रॅश’

मावशी इचलकरंजीला असते. तिच्याकडचा राउटर संध्याकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला रीस्टार्ट व्हायचा, कधी दोनदा. मालिकेच्या ऐन वेळी. ‘अरे, तुझं ते काय ते काढ बाबा आणि पहिलं होतं ते टाक,’ असा हुकूम आला. टाकलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फर्मवेअरवरही राउटर आठ वाजून दहा मिनिटांनी रीस्टार्ट!

दोष होता अॅडॉप्टरमध्ये. १२ व्होल्ट, १ अँपियर, पाच वर्षं जुना, त्यात मध्ये लाइट गेल्यावर चालणारा स्वस्तातला मिनी यूपीएस. रिकामा असताना मल्टिमीटरवर अगदी शहाण्यासारखा १२ दाखवायचा. संध्याकाळी टीव्ही, दोन फोन आणि भाचीचा लॅपटॉप एकदम सुरू झाले, दोन्ही रेडिओ जोरात प्रक्षेपण करू लागले, की व्होल्टेज बसायचं आणि राउटर मान टाकायचा. नवा १२ व्होल्ट २ अँपियरचा अॅडॉप्टर लावला, यूपीएस बाजूला काढला, विषय संपला. व्होल्टेज तेवढंच हवं, अँपियर जास्त असले तर काही बिघडत नाही, हे मावशीला पटवायला मात्र अर्धा तास लागला.

म्हणून रीबूटचा संशय आला की सगळ्यात आधी लुसीच्या (ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगच्या वेब पानांच्या) पहिल्या पानावर अपटाइम, म्हणजे राउटर सुरू होऊन किती वेळ झाला, ते बघायचं. तो अकरा दिवस दाखवत असेल तर राउटर रीबूट झालेलाच नाही आणि तुम्ही भलत्याच चोराच्या मागे आहात. अपटाइम वीस मिनिटं असेल तर प्रश्न पुढचा: वीज गेली की कर्नल कोसळला?

इथेच बहुतेकांचा घात होतो. ओपनडब्ल्यूआरटी आपला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, रॅममध्ये ठेवतं, फ्लॅश झिजू नये म्हणून. राउटर बंद झाला की लॉगही गेला. आपण काय करतो? नेट अडलं की पहिला हात बटणाकडे. म्हणजे पुरावा आपणच पुसतो आणि मग म्हणतो, कारण सापडत नाही. राउटर जिवंत असेल तर आधी लॉगरीड आणि डीमेसेज या दोन कमांडचं उत्तर एका फाइलमध्ये उतरवून घ्या, बटण नंतर. तो स्वतःहूनच रीस्टार्ट होत असेल तर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता भरायची जागा आहे. घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसवला की राउटर प्रत्येक ओळ तिकडे पाठवतो. शेवटची ओळ साधी, कुणा फोनला पत्ता दिल्याची, आणि लगेच पुढची ओळ कर्नल सुरू झाल्याची असेल, तर आधी अॅडॉप्टर बदलून बघा. त्याआधी ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘फर्मवेअर क्रॅश्ड’ दिसलं तर मेसेजवाल्याचं म्हणणं त्या राउटरपुरतं खरं. कर्नल अगदी झटक्यात कोसळला तर त्याचे शेवटचे शब्द नेटवर्कवरून पोचतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा. मेमरीची ओढाताण मात्र आधीपासून दिसू लागते.

‘वायफाय सुटतं, ड्रायव्हर भिकार’

‘वायफाय गेलं’ या दोन शब्दांत आपण किमान तीन वेगळे आजार घालतो. वेगळे करायला तीन पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का बघणं) पुरतात. पहिला राउटरला, दुसरा गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला, तिसरा कुठल्याही वेबसाइटच्या नावाला. पहिलाच अडखळला तर दोष वायफायचा. पहिला नीट आणि दुसरा नाही, तर वायफाय निर्दोष, बाहेरची लाइन बघा. पहिले दोन नीट आणि तिसरा नाही, तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय.

शेजारच्या काकांची केस यातली दुसऱ्या प्रकारची आणि मला फार आवडणारी. त्यांनी स्वतः व्हिडिओ बघून फर्मवेअर टाकलं आणि नेट जे गेलं ते आलंच नाही. जुनं परत टाकलं की लगेच चालू. यापेक्षा सज्जड पुरावा काय हवा? पण झालं होतं असं: फायबरवाल्याने लावलेल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१. काकांच्या राउटरचा कंपनीचा पत्ता १९२.१६८.०.१, त्यामुळे दोघांचं गुण्यागोविंदाने चाललं होतं. ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा ठरलेला पत्ता पण १९२.१६८.१.१. आता फायबरचा डबा सांगतोय की बाहेर जायचं दार १९२.१६८.१.१ वर आहे, आणि राउटर म्हणतोय, तो तर मीच! आपलीच पत्रं आपल्याच पेटीत. राउटरचा घरातल्या बाजूचा (लॅन) पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ केला, एवढंच काम. ड्रायव्हरचा याच्याशी सुतराम संबंध नव्हता.

पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं नेट, वापरणाऱ्यांनी लॉगमध्ये ‘नो रिस्पॉन्स टू ५ एको-रिक्वेस्ट्स’ शोधावं. राउटरने पलीकडे पाच हाका मारल्या आणि ओ आली नाही, असा त्याचा अर्थ. दिवसात दहा वेळा दिसलं तर वेळा टिपून नेटवाल्याला पाठवा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की ‘राउटर रीस्टार्ट करा’ हे उत्तर मिळतं, घड्याळातल्या दहा वेळा दाखवल्या की माणूस लाइन बघायला येतो.

आता खरोखर वायफायच सुटत असेल तर. वायफायच्या सेटिंगमध्ये देश निवडलाय का ते बघा. तो रिकामा असला की फर्मवेअर सर्व देशांना चालतील असे सगळ्यात आखडते नियम लावतं आणि ५ गिगाहर्ट्झवर बऱ्याच चॅनेलवर बोलतच नाही. ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनेल अनेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे राउटर सुरू होताना किमान एक मिनिट नुसता कान देऊन बसतो आणि रडारसारखं काही ऐकू आलं की चॅनेल सोडून पळतो. लॉगमध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून दोन दिवस बघा. एखादाच फोन लांबच्या खोलीत सुटत असेल तर ‘लो अॅक’ची सेटिंग बंद करून पाहा, फोनकडून पोच मिळेनाशी झाली की राउटर त्याला स्वतःच हाकलतो, ते थांबतं. स्वस्त बल्ब आणि प्लग सुटत असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ (वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती) ची मिसळ काढा, २.४ गिगाहर्ट्झवर साधं डब्ल्यूपीए२ ठेवा.

राहिली पॉवर फुल करायची गोष्ट. राउटरने आरडाओरडा केल्याने फोनचा आवाज वाढत नाही. फोनवर चार कांड्या दिसतात, पण फोनचं क्षीण उत्तर राउटरला ऐकू येत नाही, आणि मग ‘कांड्या आहेत पण चालत नाही’ ही तक्रार सुरू होते. माझ्याकडे तर मी पॉवर उलट कमी केलीय.

‘सगळी पॅकेजेस अपग्रेड करा’

हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. कॉम्प्युटरवरच्या उबुंटू लिनक्सची, सगळं अपग्रेड करायची, सवय राउटरवर चालत नाही. मूळ फर्मवेअर न बदलता येणाऱ्या भागात दाबून बसवलेलं असतं. तुम्ही पॅकेज अपग्रेड केलंत की जुनी प्रत तिथेच राहते आणि नवी उरलेल्या चिमूटभर जागेत जाते. जागा मध्येच संपली किंवा दोन पॅकेजांचं आपसात जुळेनासं झालं की राउटर उठतच नाही. प्रकल्पच सांगतो की घाऊक अपग्रेड करू नका, पूर्ण नवी इमेज (सगळं फर्मवेअर एकत्र असलेली फाइल) सिसअपग्रेड या कमांडने टाका. आणि ‘ही सेटिंग नव्या इमेजशी जुळत नाही’ असा इशारा आला तर तो जबरदस्तीने डावलू नका. २१.०२ मध्ये बऱ्याच राउटरांच्या आतल्या स्विचची रचनाच बदलली. जुनी सेटिंग तशीच पुढे नेणाऱ्यांचे पोर्ट मुके झाले, आणि खापर फुटलं ते अर्थातच ‘अस्थिर फर्मवेअर’वर.

‘रोज पहाटे रीबूट लावा’

रीबूटचा सल्ला एकदा खुद्द एफबीआयनेही दिला होता, मे २०१८ मध्ये. तेव्हा व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं पोखरली होती आणि त्याचा एक भाग फक्त मेमरीत राहत असल्यामुळे रीबूटने तो पुसला जायचा. तिथे कारण ठाऊक होतं. इथे कारण ठाऊक नसताना झोपेची गोळी दिल्यासारखं आहे.

शिवाय ते लावणंही वाटतं तितकं सरळ नाही. घरगुती राउटरमध्ये सहसा बॅटरीवरचं घड्याळ नसतं. सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या सगळ्यात ताज्या फाइलची वेळ धरून चालतं आणि नेट आलं की खरी वेळ लावून घेतं. साडेचारचा रीबूट लावलात, राउटर उठला, आणि घड्याळ अजून साडेचारच्या अलीकडेच असलं, तर साडेचार पुन्हा वाजतात आणि रीबूट पुन्हा होतो. पहाटेपासून गोल गोल. म्हणून जाणकार आधी ७० सेकंद थांबायला लावतात, मग त्या फोल्डरमधल्या एका फाइलला नुसता हात लावून तिची वेळ ताजी करतात आणि मगच रीबूट. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

मेमरी गळतेय असा संशय असेल तर आठवडाभर रोज त्याच वेळी मोकळी मेमरी लिहून काढा. आकडा रोज उतरत गेला तर गळती खरी आहे. मग तोवरचा उपाय म्हणून रीबूट लावायला माझी हरकत नाही, पण तो कागद जपून ठेवा. बग नोंदवताना राउटरचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि असले आकडे सोबत असले तर काम करणाऱ्याला काहीतरी धरायला मिळतं.

मामेभावाला मी मेसेजचं उत्तर म्हणून फक्त अपटाइम विचारला. फोटो आला: २३ दिवस. मग पिंग करायला सांगितले, तर पहिलाच अडखळत होता. राउटर कुठे ठेवलायस? फ्रिजच्या मागे, लोखंडी कपाटावर, प्लग तिथेच आहे म्हणून. वहिनी एक्स्टेन्शन बोर्ड आणणार आहेत, तोवर चॅनेल बदलून दिलाय. रविवारी लॉग पाठवतो म्हणालाय.