म्हणे, एफडी मोडा आणि पतसंस्थेत टाका!

लालबागच्या मावशीने काल सकाळी सकाळी फोन केला. "अगं, एफडी मोडून टाकू का? इतके लोक पाठवतायत, म्हणजे काहीतरी असेलच ना!" तोच तो मेसेज, सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा. रिझर्व्ह बँक खासगी आहे, व्याजदर मनमानी ठरवते, मनात आणलं तर नोटा छापून सगळ्यांची कर्जं फेडू शकते, आणि बँक बुडाली तर जेमतेम एक लाख हातात पडतो. म्हणून पैसे काढा आणि 12 टक्के देणाऱ्या पतसंस्थेत ठेवा.

आधी हा एक लाखाचा मुद्दा, कारण खरं नुकसान इथेच आहे. ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाली तर हमखास परत मिळणाऱ्या रकमेची, ती मर्यादा 1993ची. 4 फेब्रुवारी 2020पासून ती पाच लाख आहे. मावशीच्या पासबुकावर तसा शिक्काही आहे, पण शिक्के वाचतो कोण! 1960मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, लोकांचा बँकांवरचा विश्वास डळमळला, म्हणून 1961मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला. सुरुवात 1,500 रुपयांपासून होती. सहकारी बँकाही या विम्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. म्हणजे विमा असलेल्या जागेतून पैसे काढून विमा नसलेल्या जागेत टाका, हा यांचा सल्ला! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता एक मान्य करावंच लागेल. पाच लाख हे एका बँकेतल्या सगळ्या शाखांचे मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. त्यावरची रक्कम अडकू शकते. 2019मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ते हाल मुंबईने पाहिलेत. त्यानंतर 2021मध्ये कायदा बदलला, आणि आता निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत द्यावी लागते. मावशीचे एकाच बँकेत साडेसहा लाख आहेत. मुदत संपली की त्यातली एक एफडी दुसऱ्या बँकेत न्यायची, बस. आज मोडली तर व्याज कापतील ते वेगळंच.

व्याजदर मनमानी? 2016पासून रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती मतदानाने रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ठरवते, आणि महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के वर-खाली ठेवण्याचं लक्ष्य सरकारने कायद्यानुसार घालून दिलंय. 2022मध्ये ते जमलं नाही, हे खरं. सलग तीन तिमाही महागाई 6 टक्क्यांच्या वर राहिली आणि रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. त्या काळात ठेवीवरचं व्याज महागाईला पुरत नव्हतं, ही ठेवीदारांची तक्रार रास्तच होती. असं फार दिवस चाललं की लोक पैसा सोन्यात आणि जमिनीत घालतात, बँकांकडे ठेवी आटतात, आणि मग धंद्याला कर्ज द्यायला पैसा येणार कुठून? महागाई आवरायची ती म्हणूनच.

नोटा छापून कर्जफेड? झिम्बाब्वेने छापल्या होत्या. 2009मध्ये तिथे शंभर ट्रिलियन डॉलरची एकेक नोट निघाली, आणि त्याच वर्षी लोक ते चलन टाकून परकी पैसा वापरू लागले.

राहता राहिली रिझर्व्ह बँकेची खासगी मालकी. 1935मध्ये स्थापनेच्या वेळी भागधारक खासगी होते, पण 1 जानेवारी 1949ला राष्ट्रीयीकरण झालं. त्याआधी कुणी हा मेसेज पाठवला असता, तर निदान हा एक मुद्दा बरोबर निघाला असता.