युरिपिडीसला कसं विसरलात?

‘ग्रीक पुराणकथांतल्या बायकांना पहिल्यांदा आवाज दिला तो आजच्या कादंबऱ्यांनी’ हे लेखातलं विधान काही पटलं नाही. इसवी सनपूर्व 431 मध्ये ग्रीक नाटककार युरिपिडीसची नायिका मेडिया भर रंगमंचावर म्हणते, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन लढाईत उभी राहीन. (म्हणणारा नट पुरुषच, तो भाग वेगळा!) कॉलेजात हे वाचताना आम्ही मुली एकमेकींकडे बघतच राहिलो होतो.

आवाज मिळाला नाही तो दासींना. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक ओडिसियस घरी परतून बायकोच्या, पेनेलोपीच्या, मागे लागलेल्या पुरुषांना मारतो. तेव्हा घरातल्या 12 दासींना आधी त्या मेलेल्यांचं रक्त पुसायला लावतात, मग ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस त्यांना एकाच दोराला लटकवतो. होमर त्यांचे पाय जरासे तडफडल्याचं सांगतो आणि पुढे सरकतो. लेखात पेनेलोपीवर चांगले चार परिच्छेद आहेत, या दासींवर एक ओळही नाही.