झाडं तोडून पक्षी कसे वाचतील? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिलेली असली तरी माझा शिकारीवरचा लेख शेवटपर्यंत वाचून लिहिली आहे, म्हणून नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात ज्यासाठी तुरुंगात जावं लागेल ते मी अमेरिकेतल्या मिनेसोटात हौसेने करतो, दुकानात कोंबडी मिळत असताना रफ्ड ग्राऊज (कोंबडीसारखा एक रानपक्षी) मारतो, आणि वर जंगलतोडीचं समर्थन करतो.

कायद्याचं पटकन संपवतो. इथे परवाना काढून, मोसमात, दिवसाला ५ पक्षी मारता येतात. ते विकता येत नाहीत. पण कायदेशीर आहे एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

जंगलतोडीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ग्राऊज राहतो अ‍ॅस्पेनच्या जंगलात, आणि अ‍ॅस्पेन हे आपल्या सागासारखं किंवा वडासारखं झाड नव्हे. (पान मात्र पिंपळासारखं, जराशा वाऱ्यानेही थरथरणारं.) त्याला सावली सोसत नाही. एक पट्टा पूर्ण तोडला की जमिनीखालच्या मुळांतून एकरी हजारो धुमारे फुटतात. ते इतके दाट वाढतात की बाजासारख्या शिकारी पक्ष्याला आत झेप घेता येत नाही. ग्राऊजच्या पिल्लांना तिथे किडे मिळतात, आडोसा मिळतो. पुढे झाडी जरा विरळ झाली की नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख फडफडवतो. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन सुरू होताना फट्... फट्... करत एकदम वेग घेतं ना, अगदी तसा आवाज! हिवाळ्यात मात्र त्याला जुनी झाडं लागतात, कारण बर्फात तो अ‍ॅस्पेनच्या नर फुलांच्या कळ्यांवर जगतो. म्हणजे कोवळं, मधलं आणि म्हातारं जंगल एकमेकांना खेटून हवं. वन्यजीव अभ्यासक गॉर्डन गुलियन यांनी मिनेसोटातल्या क्लोकेटच्या जंगलात कित्येक वर्षं हेच अभ्यासलं. छोटे पट्टे आळीपाळीने तोडा, असं ते सांगत. अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात जंगलं आहेत, पण ती म्हातारी होत गेली. २०२० मध्ये तिथे या पक्ष्याला संकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. सगळीच जंगलं तोडावीत, असं मी म्हणत नाही. आपल्या देवराया कुणी तोडायला निघालं तर मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

आता कोंबडीचं. बंदूक आणि काडतुसांवरच्या करातून १९३७ पासून इथे वन्यजीवांसाठी पैसा जातो, हे खरं आहे. पण मी त्यासाठी रानात जात नाही, तेव्हा ते पुढे करणं ढोंग होईल. मी जातो ते ऑक्टोबरातल्या पिवळ्या पानांसाठी, कुत्रीमागे चालण्यासाठी, पायाजवळून भर्रकन उठणाऱ्या त्या आवाजासाठी. दहापैकी आठ वेळा बंदूक खांद्याला लागेपर्यंत पक्षी झाडाआड गेलेला असतो. मग बंदूक घरीच का ठेवत नाही? याचं तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘जखमी होऊन निसटलेले किती?’ या मोसमात एक. दाट धुमाऱ्यांत पडला, कुत्रीने आणि मी अंधार पडेपर्यंत शोधला, चार पिसं मिळाली. लेखात मी तो गाळला होता. आज ती ओळ घातली आहे. दुसऱ्या परिच्छेदात, फोटोच्या वर.