‘हेडचा बागुलबुवा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तळ्यातल्या पंपांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘खोक्यावर ताशी ४००० लिटर लिहिलंय म्हणजे पंप तेवढं पाणी देतोच. हेडचा बागुलबुवा दाखवून लोकांच्या गळ्यात मोठे पंप मारायचे, हा तुमचा धंदा आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, अधिक पाइपमधल्या घर्षणात जाणारा जोर, दोन्ही मीटरमध्ये.) माझं म्हणणं खोडून काढायला कुणाचीच ना नाही. पण ‘धंदा’ हा शब्द कशासाठी? लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. अठरा वर्षं तळ्यांची कामं करणाऱ्यावर असा आरोप करण्याआधी निदान आपल्या पंपाच्या माहितीपत्रकातला, किती हेडला किती पाणी मिळतं ते दाखवणारा आलेख तरी बघायचा होता.

तुमचं एक बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. ४ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद तळ्यातल्या पाण्याचा हिशोब करताना मी सर्वांत खोल जागेची १ मीटर खोली धरली. धरायला हवी होती सरासरी, म्हणजे ०.८ मीटर. पाणी १०,००० नव्हे, ८००० लिटर. लेखात दुरुस्ती केली आहे. पण म्हणून तुमचा पंप पुरेसा ठरत नाही.

खोक्यावरचे ४००० लिटर शून्य हेडचे असतात. म्हणजे पाणी वर चढवायचं नाही आणि पाइपही जोडलेला नाही, अशा वेळचे. त्याच खोक्यावर तुम्हीच सांगितलेलं ‘कमाल हेड २ मीटर’ आहे. याचा अर्थ २ मीटरवर पंप पाणी देतो असा नाही. त्या उंचीला तो पाणी द्यायचं थांबतो. मधल्या प्रत्येक उंचीला प्रवाह घटत जातो.

हेड मोजायचं तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या वरच्या तोंडापर्यंत, सरळ उभं. पंप किती खोल बुडवलाय ते त्यात धरायचं नाही, कारण पंपाबाहेरचं पाणी तेवढा दाब स्वतःच देतं. तुमचा फिल्टर धबधब्याच्या माथ्यावर आहे, १.२ मीटरवर. त्यात घर्षण मिळवा. २५ मिमीचा ६ मीटर पाइप आणि तीन एल्बो (काटकोनी वळणाचे जोड), यांतून ताशी दीड हजार लिटर जाताना साधारण ०.३ मीटर हेड खर्च होतं. एकूण झालं दीड मीटर. इथे तुमच्यासारखा पंप आलेखाप्रमाणे जेमतेम हजार ते दीड हजार लिटर देईल, म्हणजे तळ्यातलं पाणी फिल्टरमधून एकदा फिरायला पाच ते आठ तास. माशांच्या तळ्यात ते दोन तासांत व्हायला हवं, कोई (शोभेचे मोठे कार्प मासे) असतील तर तासाभरात.

या २५ मिमी पाइपमधून खरोखर ४००० लिटर ढकलायचे म्हटले, तर नुसत्या घर्षणातच २ मीटरच्या वर हेड जाईल. तेच ४० मिमी पाइपला पाव मीटर पुरतं. पाइपचा व्यास निम्मा केला की त्याच प्रवाहाला घर्षण सुमारे तीसपट होतं. एवढी साधी गोष्ट ‘बागुलबुवा’ म्हणून उडवून लावता येत नाही.

माझ्यावर विश्वास नको, बादलीवर ठेवा. फिल्टरमध्ये पाणी पडतं तिथे २० लिटरची बादली धरा आणि सेकंद मोजा. ताशी ४००० लिटर असतील तर ती १८ सेकंदांत भरेल. मिनीट लागलं तर पंप १२०० लिटर देतोय. पंपाच्या तोंडावर तुम्ही बारीक स्पंज बसवलाय, तो काढूनही एकदा मोजा. तो गाळाने भरला की प्रवाह आणखी पडतो. ६ ते ८ मिमीचा कचरा गिळणारा पंप घ्यायचा आणि गाळ अडवायचं काम फिल्टरवर सोडायचं.

तुम्ही रात्री पंप बंद ठेवता आणि स्पंज नळाखाली धुता, यांवर वाद घालणार नाही, दोन्ही चूकच आहे. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन घेतात, प्रवाह थांबला की फिल्टरमधले पाणी शुद्ध करणारे जिवाणू काही तासांत गुदमरतात आणि उरलेल्यांना नळातलं क्लोरीन मारतं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. ‘मासे ठणठणीत आहेत’ हा पुरावा नव्हे. सात मासे आणि एवढी झाडं असतील, तर ते फिल्टरशिवायही बराच काळ तगतील.

आणि मोठा पंप घ्या, हे मी तुम्हाला सांगितलेलंच नाही. फिल्टर माथ्यावरून काढा आणि पाण्यालगत, ०.४ मीटरवर ठेवा. पाइप ४० मिमीचा करा. हाच पंप ताशी अडीच ते तीन हजार लिटर देईल. धबधबा हवाच असेल, तर मात्र ४० मिमी पाइप ठेवूनही दीड मीटर हेडला ४००० लिटर देणारा पंप लागेल, आणि तो आकडा खोक्यावर नाही, आलेखात शोधायचा.