तिकीट होतं, तरी दंड

पक्याच्या भाच्याला जर्मनीत, बर्लिनला, साठ युरोंचा दंड बसला, तोही खिशात तिकीट असताना. यावरून परवा आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर जे पेटलं, ते टपरीवाल्याने आवराआवर सुरू केली तरी विझेना.

झालं असं की पोराने मशीनमधून तिकीट काढलं, गाडीत बसला, आणि थोड्या वेळात साध्या कपड्यातला एक माणूस ओळखपत्र दाखवत समोर उभा राहिला. तिकिटावर शिक्का नव्हता. तिथे फलाटावर एक छोटी पेटी असते. तिच्यात तिकीट सरकवून तारीख-वेळ उमटवून घ्यायची. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच, कारण तेच तिकीट उद्याही चालवता येईल.

"हा सरळ दरोडा आहे," पक्या म्हणाला. "पैसे भरलेत ना त्याने?"

अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना दया वगैरे आली नाही. "तिकीट पंच करायचं राहिलं आणि चेकर चढला, तर माझी काय अवस्था व्हायची माहितीये? नियम म्हणजे नियम."

"तुमची व्हायची ना अण्णा, प्रवाशाची नाही," डॉक्टर मध्येच बोलला.

आणि इथेच खरा मुद्दा निघाला, असं मला वाटतं. आपल्याकडे कंडक्टर प्रवाशाकडे येतो. कुठे जायचंय विचारतो, पैसे घेतो, तिकीट हातात देतो, वर 'पुढचा स्टॉप तुमचा' म्हणून ओरडतोही. प्रवाशाला फक्त स्टॉपचं नाव माहीत असलं की पुरे. बर्लिनमध्ये ही सगळी कामं प्रवाशाची. स्टेशनात अडवणारं दार नाही, गाडीत विचारणारा नाही. तिकीट कुठल्या झोनचं (भाड्यासाठी शहराचे ए, बी, सी असे पट्टे पाडलेत), शिक्का कुठे मारायचा, हे ज्याचं त्याने बघायचं. शिक्क्याची पेटी मेट्रोसाठी फलाटावर, पण बस आणि ट्रामसाठी गाडीच्या आत! नव्या माणसाने काय स्वप्नात बघायचं?

मृणाल काही वर्षं लंडनला होती. तिचं म्हणणं, खोच सगळीकडेच असते. तिथल्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत, बँकेचं कार्ड टेकवायचं. पण बसमध्ये फक्त चढताना. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही. "आणि आत जाताना कार्ड, बाहेर पडताना मोबाईल असं केलंत की मेलात. खातं एकच असलं तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. दोघांचाही प्रवास अर्धवट, म्हणून दोघांकडून जास्तीत जास्त भाडं."

"बघा, म्हणजे शिकूनच जायला पाहिजे," अण्णा खूश.

डॉक्टरने मग टोकियो काढलं. तिथे रेल्वेचं भाडं अंतरावर, आणि नकाशा पाहून डोळे फिरतात. भाडं कळलं नाही तर सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं आणि बसायचं. उतरल्यावर स्टेशनातून बाहेर पडायच्या दाराच्या अलीकडे एक मशीन असतं. त्यात तिकीट घातलं की ते उरलेली रक्कम सांगते, ती भरायची आणि बाहेर. दंड नाही, बोलणी नाहीत. "तिथे तर तिकीटच कमी पैशाचं. एका शहरात पोरगं चोर ठरतं, दुसऱ्या शहरात चिल्लर भरून सुटतं. मग दोष पोराचा कसा?"

मला हे पटलं. अण्णांना नाही. "दारं लावली म्हणून त्यांना परवडतं. ज्यांनी दारंच ठेवली नाहीत त्यांनी माणसावर विश्वास टाकलाय. तो मोडला की दंड जबर हवाच, नाहीतर कोण तिकीट काढेल?"

हेही अगदीच खोटं नाही. मात्र जर्मनीत फुकट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे आणि कोर्टाचा दंड भरता न आल्याने माणसं तुरुंगातही जातात, हे मृणालने सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "हे जरा जास्तच झालं." अण्णांकडून एवढं मिळालं म्हणजे खूप.

पक्याला तत्त्वज्ञानात रस नव्हता. त्याची पुतणी बर्लिनला निघालीय. तिला काय सांगू, एवढंच बोला. तर ठरलं ते असं: विमानतळ सी झोनमध्ये येतो, त्यामुळे शहराचं ए-बी तिकीट तिथून चालत नाही, ए-बी-सी घ्यायचं. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण त्यावर परत यायचं नाही. राहायलाच जायचं तर देशभराचा महिन्याचा पास बघावा. 2023 मध्ये तो 49 युरोंना निघाला, आता 63 झालाय. त्यावर शिक्क्याची भानगड नाही. मात्र तो आपोआप पुढे चालू राहतो, बंद करायचा तर महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं.

"एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा सायकल घे म्हणावं," पक्या वैतागला.

मग मृणालने विचारलं, एखादा जपानी माणूस आपल्या निमाणी बसस्टँडला उतरला तर त्याने काय करायचं? शेअर रिक्षात किती जण बसतात, भाडं किती, कुठे हात दाखवायचा, हे कुठल्या पाटीवर लिहिलंय? अण्णा म्हणाले, विचारेल की कुणालाही, नाशिककर सांगतो. डॉक्टर म्हणाला, सांगतो, पण मराठीत.

"आणि 2027 चा सिंहस्थ?" पक्याला एकदम आठवलं. मागच्या वेळी, 2015 मध्ये, बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना पुढे एसटीने आणलं होतं. "ती सगळी नवखीच माणसं होती. त्यांना प्रत्येकी साठ युरो लावले असते, तर अण्णा, तुमच्या महामंडळाचा तोटा एका पर्वणीत फिटला असता!"

अण्णांनी चहाचे पैसे देणार नाही, असं जाहीर केलं.